बांधावरच्या फड्याची बोंडं : पिकतं तिथं विकत नाही

ड्रॅगन फ्रूट आता आपल्या ओळखीचं झालं आहे. सांगली-सोलापूरकडच्या किती तरी शेतकऱ्यांनी सिमेंटचे खांब रोवून, ठिबक टाकून त्याच्या बागा उभ्या केल्या. गुजरात सरकारने २०२१ मध्ये त्याला ‘कमलम’ असं नावही देऊन टाकलं. हे ड्रॅगन फ्रूट म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, निवडुंगाचंच फळ आहे. मूळ मध्य अमेरिकेकडचा वेलासारखा चढणारा निवडुंग. त्याचाच एक भाऊबंद पिढ्यान्‌पिढ्या आपल्या बांधावर उभा आहे. त्याला खांब लागत नाही, पाणी लागत नाही, खत लागत नाही, राखण तर नाहीच नाही. उलट तोच आपल्या शेताची राखण करतो. तो म्हणजे फड्या निवडुंग.

पण बांध सपाट करायला जेसीबी आला की पहिला घाव या फड्यावर पडतो. रस्ता रुंद करायचा, फड्या काढा. गावाबाहेरची जागा साफ करायची, फड्या पेटवा. त्याची लालभडक बोंडं आजोबा-पणजोबांनी माळावर गुरं राखताना खाल्ली, आज पोरांना ती खातात हेच ठाऊक नाही. तिकडे कच्छ-सौराष्ट्रात याच बोंडांना ‘फिंडला’ म्हणतात आणि त्यांचा रस बाटल्या भरभरून विकला जातो. आपल्याकडे मात्र पिकतं तिथं विकत नाही. म्हणून फड्याची बोंडं ओळखायची कशी, तोडायची कशी, खायची कशी आणि त्यांच्या नावावर काय खपवून घ्यायचं नाही, हे आज जरा तपशिलाने पाहू.

आधी ओळख पक्की करा

आपण खेड्यात कुठल्याही काटेरी, मांसल झाडाला ‘निवडुंग’ म्हणून मोकळे होतो. इथेच घोटाळा होतो. आपल्या बांधावर दोन अगदी वेगळी घराणी उभी असतात. एक खरा निवडुंग, म्हणजे फड्या. नागाच्या फडीसारखी चपटी, लांबट-गोल पानं एकावर एक जोडलेली असतात, म्हणून हे नाव. हिंदीत म्हणूनच याला नागफणी म्हणतात. ही ‘पानं’ खरं पाहता पानं नव्हेतच, ते त्याचं खोड आहे. खरी पानं कोवळ्या फडीवर बारीक टोकासारखी येतात आणि गळून जातात.

दुसरं घराणं त्रिधारी निवडुंगाचं आणि शेराचं. त्रिधारीला तीन कडांच्या कांड्या असतात, शेराला पेन्सिलीसारख्या हिरव्या काड्या. हे निवडुंगासारखे दिसले तरी निवडुंग नव्हेत. यांना चीक असतो, आणि तो चीक विषारी आहे. अंगावर पडला तर फोड येतात. डोळ्यांत गेला तर काही काळ दिसेनासं होतं. कुंपणाचा शेर तोडताना ज्याच्या डोळ्यांत थेंब उडाला असेल, त्याला वेगळं सांगायला नको.

तेव्हा खूणगाठ बांधा. विळ्याने बारीकसा छेद द्या. पांढरा दुधासारखा चीक आला तर ते झाड खाण्याचं नाही, हात धुवा आणि पुढे चला. चीक न येता बुळबुळीत पाणी आलं, फडी चपटी असली, आणि फडीच्या कडेवर लिंबाएवढी किंवा त्याहून थोडी मोठी, भोवऱ्यासारखी फळं लागलेली असली, तर तो फड्या. पोरांना हा फरक आधी शिकवा, बोंडं नंतर दाखवा.

फड्यातही एकदोन जाती आपल्याकडे दिसतात. एकीचे काटे तपकिरी-काळपट आणि फुलं पिवळी, पण लालसर-नारिंगी छटेची. दुसरीचे काटे पिवळे आणि फुलंही पिवळीधमक. दोन्हींची फळं पिकल्यावर लाल-जांभळी होतात आणि दोन्ही खाता येतात.

हा पाहुणा आला कुठून?

फड्या आपला वाटत असला तरी तो मूळचा अमेरिका खंडातला आहे. मेक्सिकोच्या झेंड्यावर गरुड बसला आहे तो याच झाडावर. तिथे फळाला ‘तुना’ म्हणतात आणि कोवळ्या फड्यांची, म्हणजे ‘नोपाल’ची, भाजी घरोघर होते. इटलीच्या सिसिली बेटावर या फळांच्या बागा आहेत, आणि तिथे त्याचं नाव काय, तर ‘हिंदुस्थानी अंजीर’. कोलंबसाने अमेरिकेलाच हिंद समजून घेतलं, त्या घोळातून हे नाव चिकटलं.

हिंदुस्थानात त्याला महत्त्व आलं ते रंगाच्या लोभापायी. निवडुंगावर जगणाऱ्या एका किड्यापासून गडद किरमिजी रंग निघतो, आणि त्या रंगाचा व्यापार तेव्हा स्पेनच्या मुठीत होता. एक किलो रंगाला दीड लाखाच्या आसपास किडे लागतात, यावरून तो किती महाग असेल ते समजा. ईस्ट इंडिया कंपनीला हा धंदा आपल्याकडे हवा होता. १७९५ मध्ये ब्राझीलकडून किडे आणले गेले, पण ते निघाले भलत्याच जातीचे. रंग धड मिळाला नाही, मात्र उत्तरेकडच्या एका जातीच्या निवडुंगाचा त्या किड्यांनी फडशा पाडला. पुढे १९२६ मध्ये सिलोनमार्गे दुसरी जात आणली, ती मुद्दाम निवडुंग मारण्यासाठीच. दक्षिण भारतात माजलेला फड्या तिने मोठ्या प्रमाणावर बसवला. आजही एखाद्या फडीवर कापसाचे बोळे चिकटवल्यासारखी पांढरी कीड दिसते ना, ती याच घराण्यातली. बोटाने चिरडून पाहा, रक्तासारखा लाल रंग येईल.

कुंपण म्हणून तर इंग्रजांनीही त्याचा भरपूर उपयोग केला. मिठाची चोरटी वाहतूक रोखायला सिंधू नदीकडून थेट आपल्या खानदेशाच्या वेशीवरच्या बऱ्हाणपुरापर्यंत काटेरी कुंपणाची रेषा उभी केली होती. त्यात बाभूळ, बोर, करवंद यांच्या जोडीने फड्याही होता. १८७९ मध्ये ती रेषा मोडीत निघाली. कुंपण गेलं, मिठाचा कर राहिला, आणि फड्याही राहिला.

बोंडं कुठे आणि केव्हा शोधावी?

जिथे दुसरं काही तग धरत नाही तिथे फड्या पाहावा. मुरमाड माळ, गावठाणाची पांढर, पडक्या गढीचा तट, रेल्वेरुळाची कड, ओढ्याचा वरचा काठ, जुन्या वाटांचे बांध. माण, खटाव, सांगोला, जत, करमाळा, कर्जत, आष्टी, पाटोदा अशा कमी पावसाच्या पट्ट्यात थोडं फिरलं तरी सापडतो.

बोंडांची वेळ मात्र गावागावाने मागेपुढे होते. पाऊस, जमीन, झाडाची जात यांवर ते अवलंबून. म्हणून महिना पाहू नका, रंग पाहा. कच्चं बोंड हिरवं आणि टणक असतं. मग तांबूस छटा येते, आणि पूर्ण पिकलं की सगळं बोंड गडद लाल-जांभळं होतं. दाबल्यावर किंचित मऊ लागतं आणि फिरवल्यावर फडीपासून सहज सुटतं. एक ध्यानात ठेवा, हे फळ आढीत घालून पिकत नाही. आंब्यासारखं पाडावर तोडून चालत नाही. झाडावर गोड झालं तेवढंच गोड.

दोन ठिकाणची बोंडं तोडू नका. एक, जिथे बांधावर तणनाशक मारलं आहे. दोन, जिथे गावाचं सांडपाणी किंवा उकिरडा आहे. आणि फड्याच्या जाळीत थेट हात घालू नका. सावलीला आणि उंदरांच्या मागावर घोणस, फुरसं तिथे बसलेलं असू शकतं. आधी काठीने जाळी हलवा, मग पुढे व्हा.

तोडायची रीत

फड्याचे मोठे काटे दिसतात, म्हणून त्यांची भीती कमी. खरा त्रास देतात ती बारीक कुसळं. बोंडावर जे ठिपके-ठिपके दिसतात, त्या प्रत्येक ठिपक्यात केसाहून बारीक कुसळांचा पुंजका असतो. त्यांना उलटे दाते असतात, त्यामुळे ती रुतली की निघता निघत नाहीत. नुसत्या वाऱ्याने सुद्धा ती उडतात.

म्हणून पहाटे किंवा सकाळी लवकर तोडा. दवाने कुसळं ओली असतात, उडत नाहीत. वारा पाठीमागून येईल असे उभे राहा. अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, डोळ्यांना साधा चष्मा असला तर उत्तम. हाताने तोडू नका. चुलीवरचा लांब चिमटा किंवा सांडशी घ्या. बोंड धरून हलकेच पिरगळा, आणि बुडाशी फडीचा पातळसा तुकडा राहील असं विळ्याने कापा. सिसिलीत आणि मेक्सिकोत असंच कापतात, कारण बुड फाटलं नाही तर फळ जास्त दिवस टिकतं. बोंडं बादलीत किंवा पाटीत टाका, धोतराच्या सोग्यात किंवा पदरात अजिबात नको. पदरात घेतलेली कुसळं आठ दिवस निघत नाहीत.

सगळी बोंडं झोडून आणू नका. चार पाखरांसाठी, चार बियांसाठी झाडावर राहू द्या.

कुसळं काढल्याशिवाय तोंडाला लावू नका

याच्या साध्या रीती आहेत. गुराखी पोरं बोंड वाळूत किंवा मातीत टाकून पायताणाने, नाही तर डहाळीच्या झुडक्याने घोळत. लिंबाची डहाळी यासाठी चांगली. घरी करायचं तर गोणपाटावर बोंडं पसरा, वर दुसरं गोणपाट टाका आणि जोराने मागेपुढे घासा. ते गोणपाट मग दुसऱ्या कशालाही वापरू नका. सगळ्यात खात्रीची रीत म्हणजे विस्तव. चिमट्यात धरून बोंड जाळावर चहूबाजूंनी फिरवा, कुसळं चुरचुरत जळून जातात. बोंड शिजवायचं नाही, वांग्यासारखं भाजायचंही नाही, फक्त वरची लव जाळायची. नंतर भरपूर पाण्याने धुवा.

आता सोलणं. दोन्ही टोकं चांगली जाड कापा. वरच्या टोकाला, जिथे फूल होतं, तिथे खोलगट वाटी असते आणि तिच्यात कुसळांचा पुंजका दडलेला असतो. बाहेरून घासून तो जात नाही. लहान मुलांच्या घशात, जिभेत कुसळ रुततं ते बहुतेक या वाटीतलं. तेव्हा ती वाटी पुरती काढून टाका. मग उभी चीर द्या आणि काट्या-चमच्याने किंवा चाकूने साल दोन्हीकडे उलटवा. आतला रसरशीत लाल गर आख्खा बाहेर येतो.

गर गोडसर, किंचित आंबूस आणि पाणीदार असतो. खाल्ला की ओठ, जीभ, दात सगळं लालेलाल. बिया पुष्कळ आणि खड्यासारख्या कडक. थोड्या गिळल्या तरी बिघडत नाही, पण मुलांना एका बैठकीत पोटभर बोंडं खाऊ देऊ नका. बिया आतड्याच्या शेवटी साठून घट्ट गोळा होतो आणि शौच अडतं. भूमध्य समुद्राकडच्या देशांत अशी मुलं दवाखान्यात न्यावी लागल्याची उदाहरणं आहेत. मोठ्यांनी तीनचार, मुलांनी एक-दोन, एवढ्यावर थांबावं. बिया गाळून नुसता रस घेतला तर ही भीती राहत नाही.

आणखी एक. बोंडं खाल्ल्यावर लघवीला लालसर रंग येऊ शकतो. बीट खाल्ल्यावर काहींना येतो तसाच. घाबरून जाऊ नका, तो फळाचा रंग आहे. दुसऱ्या दिवशी बोंडं न खाताही रंग दिसला तर मात्र डॉक्टरांकडे जा.

कुसळ रुतलंच तर?

चोळू नका, तोंडाने ओढू नका. चोळलं की ते मोडून आत जातं, ओढलं की बोटातलं जिभेत येतं. दिसणारी कुसळं बारीक चिमट्याने, उजेडात, एकेक काढा. उरलेल्यांवर पांढऱ्या गोंदाचा पातळ थर द्या, वर पातळ फडकं ठेवा, पूर्ण वाळू द्या आणि मग सालपटासारखं ओढून काढा. नुसती चिकटपट्टीही काही कुसळं उचलते. डोळ्यांत गेलं तर घरगुती उपाय एकही नको, डोळा न चोळता सरळ दवाखाना गाठा.

शरबत आणि पाक

बचत गटाच्या भगिनींनी इथे जरा लक्ष द्यावं. कुसळं काढून, धुऊन, टोकं कापलेली बोंडं चिरा, कुस्करा आणि पातळ स्वच्छ फडक्यातून दोनदा गाळा. दोनदा यासाठी, की चुकून राहिलेलं कुसळही फडक्यात अडकावं. या रसात लिंबू जरूर पिळा. लिंबाने चव तर खुलतेच, पण आंबटपणा वाढल्याने रस लवकर नासतही नाही. लगेच प्यायचं असेल तर गार पाणी, थोडी साखर, चिमूट मीठ आणि जिऱ्याची पूड एवढं पुरे.

टिकाऊ पाक करायचा तर साखरेचा पाक आधी वेगळा करून घ्या, त्यात रस घाला, मंद विस्तवावर थोडा वेळ ठेवा आणि उतरवा. फार वेळ रटरट उकळलं की तो सुंदर लाल रंग फिका पडून तपकिरी होतो. बाटल्या उकळत्या पाण्यातून काढलेल्या, कोरड्या हव्यात. विकायचं असेल तर अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी आधी करून घ्या. बाटलीवर तारीख लिहा, साखर किती ते लिहा. आणि रंग वाढवायला बाहेरचा रंग टाकू नका. फड्याला तेवढं एक तरी नैसर्गिक राहू द्या.

‘रक्त वाढतं’ म्हणतात, ते कितपत खरं?

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि गावच्या आशाताई, अंगणवाडी सेविका यांनी तो घरोघर सांगावा अशी विनंती. फिंडल्याचा रस ‘हिमोग्लोबिन वाढवणारा’ म्हणून विकला जातो. लाल रंग, म्हणजे रक्त वाढणार, असा साधा हिशेब माणूस मनात करतो. पण हा लाल रंग लोहाचा नाही. बिटात जो रंग असतो त्याच कुळातला हा रंग आहे. त्याचा रक्ताच्या लालपणाशी संबंध नाही.

आकडा पाहा. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अन्नतक्त्यात निवडुंगफळाच्या १०० ग्रॅम गरात लोह आहे जेमतेम ०.३ मिलिग्रॅम. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून जी लोहाची गोळी मिळते तिच्यात लोह असतं ६० मिलिग्रॅम. म्हणजे एका गोळीएवढं लोह बोंडांतून मिळवायचं तर वीस किलो गर खावा लागेल. आपल्या फड्याची जात वेगळी आहे, आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण वीस किलोचे वीस ग्रॅम होणार नाहीत.

मग बोंडात काहीच नाही का? आहे की. त्याच तक्त्याप्रमाणे १०० ग्रॅम गरात क जीवनसत्त्व १४ मिलिग्रॅम, मॅग्नेशियम ८५ मिलिग्रॅम, कॅल्शियम ५६ मिलिग्रॅम आणि साडेतीन ग्रॅमवर चोथा आहे. क जीवनसत्त्वामुळे पालेभाजी, बाजरी, डाळी यांतलं लोह अंगी लागायला मदत होते. तेव्हा जेवणासोबत दोन बोंडं खाल्ली तर चांगलंच. पण गोळी बंद करून बाटली सुरू करू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. निम्म्याहून अधिक आयाबहिणींचा हा प्रश्न आहे. तिथे लाल पाण्यावर भरवसा ठेवून चालणार नाही. मधुमेह असलेल्यांनीही हे जाणून असावं, की साखर घातलेलं शरबत हे शेवटी साखरेचं पाणी.

दुष्काळात गुरांचा आधार

दख्खनच्या दुष्काळांत फड्याचे काटे जाळून फडी गुरांना घातल्याचं जुनी माणसं सांगत आली आहेत. त्यामागे शास्त्र आहे. हे झाड दिवसा आपली रंध्रं मिटून बसतं आणि रात्री गारव्यात उघडतं, म्हणून त्याचं पाणी उडून जात नाही. फडीत शंभरातले पंचाऐंशी-नव्वद भाग पाणीच असतं. चारा आणि पाणी दोन्ही आटतं तेव्हा ही गोष्ट लहान नाही.

पण दोन पथ्यं पाळा. काटे आणि कुसळं पुरती जाळल्याशिवाय घालू नका, नाही तर जनावराच्या तोंडात, जिभेवर जखमा होतात. दुसरं, नुसत्या फडीवर जनावर ठेवू नका. तिच्यात प्रथिनं फार कमी, आणि पाणी इतकं की जनावराला हगवण लागते. तुकडे करून कडबा, भुसकट यांत मिसळा आणि जोडीला थोडी पेंड द्या.

बिनकाट्याचा निवडुंगही आता मिळतो. आपल्याकडे फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था आणि उरुळीकांचनची बायफ यांनी चाऱ्यासाठी त्याच्यावर काम केलं आहे. जोधपूरची कोरडवाहू संशोधन संस्थाही करते. ज्यांना लावायचा आहे त्यांनी पक्व फडी कापून दहा-पंधरा दिवस सावलीत ठेवावी, कापलेली बाजू सुकून खपली धरली की अर्धी-एकतृतीयांश मातीत रोवावी. ओल्या जखमेची फडी लावली तर कुजते. पाणी साचणारी काळी जमीन त्याला मानवत नाही, मुरमाड उताराची जमीन मानवते. बिनकाट्याला राखण मात्र हवी, कारण काटाच नाही तर शेळी त्याला सोडत नाही.

माजू देऊ नका, मोडूही नका

फड्याचं कौतुक केलं म्हणून उद्या गायरानात ट्रॉलीभर फड्या टाकून येऊ नका. ऑस्ट्रेलियाने हे भोगलं आहे. कुंपणासाठी नेलेला निवडुंग तिथे इतका माजला, की १९२० च्या दशकात सुमारे अडीच कोटी हेक्टर जमीन त्याने गिळली होती. शेतकरी घरं सोडून गेले. शेवटी १९२५ मध्ये अर्जेंटिनाहून एक पतंग आणला, त्याच्या अळ्यांनी निवडुंग पोखरून काढला. क्वीन्सलँडमधल्या बूनार्गा गावाने १९३६ मध्ये त्या किड्याच्या स्मरणार्थ सभागृह बांधलं. किड्याच्या नावाने सभागृह बांधायची पाळी आपल्यावर यायला नको. चराऊ गवताच्या कुरणात नवा फड्या लावू नये, जिथे आहे तिथे तो जागेवर राखावा. उपटून टाकलेली फडीही जमिनीला टेकली की मुळं धरते, त्यामुळे ओढ्यात किंवा रस्त्याकडेला टाकली की पुढच्या गावाला त्रास.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना यात करण्यासारखं बरंच आहे. गावात फड्याच्या जाळ्या कुठे कुठे आहेत याची पाहणी करा. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकांची नोंदवही असायला हवी. फड्या बाहेरून आलेला आहे हे खरं, पण त्याचा उपयोग कोण करतं, बोंडं केव्हा येतात, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून त्या वहीत लिहून ठेवा. ती माणसं आहेत तोवरच हे काम होईल. गायरानातली बोंडं तोडायची ती कोणी आणि किती, हे ग्रामसभेत ठरवा. नाही तर उद्या बाहेरचा व्यापारी टेम्पो घेऊन येईल, मूठभर पैशात जाळ्या ओरबाडून नेईल आणि आपण बघत बसू. रस्त्याचं, बांधबंदिस्तीचं काम काढताना जेसीबीवाल्याला आधीच सांगा, कुठली जाळी काढायची आणि कुठली ठेवायची.

शेतकरी बंधूंनो, ज्याने त्याने आपापला बांध एकदा पाहून घ्यावा. फड्या उभा असेल तर त्याच्या आडोशाने माती धरली आहे, गुरं अडली आहेत, पाखरांना घरटं आहे, आणि अंगावर दहा-वीस लाल बोंडंही असतील. चिमटा घ्या, कुसळं जाळा, वरची वाटी काढा, आणि पोराच्या हातावर एक सोललेलं बोंड ठेवा. त्याचे ओठ लाल झाले की त्याला सांगा, हे झाड चिकाचं नाही, हे खायचं. एवढं शिकवलं तरी पुढच्या पिढीत बांधावरचा फड्या राहील.